दोन तुकडे, एक वाक्य : इंग्रजी शिकवण्याच्या एका युक्तीचा इतिहास

इंग्रजीच्या शालेय पुस्तकात धड्याच्या शेवटी एक प्रश्न हमखास भेटतो. डावीकडे 'अ' गट, उजवीकडे 'ब' गट. दोन्हीकडे वाक्यांचे अर्धे अर्धे तुकडे. वर सूचना: जोड्या लावून अर्थपूर्ण वाक्ये तयार करा. मुले हा प्रश्न सोपा म्हणून आधी सोडवतात आणि शिक्षकही तपासायला सोपा म्हणून तो आनंदाने घालतात. पेन्सिलीच्या चार तिरक्या रेघा मारल्या की काम झाले. एवढ्याशा गोष्टीला इतिहास तो कसला, असे कुणी म्हणेल. पण इतिहास आहे, चांगला दीडशे वर्षांचा आहे, आणि त्याची सुरुवात आपल्याच देशात, आंध्रातल्या गोदावरीच्या काठी झाली असे म्हणायला जागा आहे.

आधी आपल्या वाडवडिलांनी इंग्रजी कसे शिकले ते आठवू या. तर्खडकरांची भाषांतर पाठमाला ज्यांच्या घरात नव्हती असे शिकलेले मराठी घर एके काळी विरळा. द्वारकानाथ राघोबा तर्खडकर हे तिचे कर्ते. व्याकरणकार दादोबा पांडुरंग तर्खडकर वेगळे, आडनाव एक म्हणून पुष्कळांचा घोटाळा होतो. पाठमालेची रीत अशी: आधी शब्द पाठ करा, मग नियम वाचा, मग मराठी वाक्याचे इंग्रजी करा आणि इंग्रजीचे मराठी. पिढ्यान्‌पिढ्या या रीतीने इंग्रजी शिकल्या आणि चांगल्या शिकल्या, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण या रीतीची एक गोम आहे. ती शेवटपर्यंत चालणाऱ्याला फळ देते, मधेच उतरणाऱ्याला नाही. दोन वर्षे शिकून ज्याने शाळा सोडली, त्याच्या हाती काय उरले? थोडे शब्द, थोडी क्रियापदांची रूपे, आणि तोंडातून एक सरळ वाक्य काढायची भीती.

या प्रश्नावर नेमके बोट ठेवणारा माणूस म्हणजे मायकेल वेस्ट. हे गृहस्थ त्या काळच्या बंगालमध्ये शिक्षण खात्यात होते आणि ढाक्याच्या अध्यापक विद्यालयाचे प्रमुख होते. बंगालातील द्वैभाषिकतेवरचा त्यांचा ग्रंथ 1926 साली निघाला. त्यात त्यांनी विम्याच्या धंद्यातला एक शब्द शाळेत आणला: सरेंडर व्हॅल्यू. विम्याची पॉलिसी मुदतीआधी बंद केली तर जे काही पैसे हाती पडतात ती तिची सरेंडर व्हॅल्यू. वेस्ट यांचे म्हणणे असे की, शिकवणीलाही हीच फूटपट्टी लावून पाहा. मुलाने आज शाळा सोडली तर आजवरच्या इंग्रजीतून त्याला काय मिळेल? ज्या देशात बहुसंख्य मुले मधेच शाळा सोडतात, तिथे शेवटच्या इयत्तेत पिकणारे शिक्षण म्हणजे फळ येण्याआधीच तोडलेला आंबा. स्वतः वेस्ट यांनी यावर वाचनाचा उपाय सांगितला, तो आजचा विषय नाही. पण त्यांनी विचारलेला प्रश्न मनात ठेवा. तुकडे जोडण्याच्या युक्तीची खरी किंमत त्या प्रश्नाच्या उजेडातच कळते.

आता गोदावरीकडे वळू. थॉमस प्रेंडरगास्ट नावाचा इंग्रज गृहस्थ कंपनी सरकारच्या मद्रास इलाख्यात सनदी नोकरीत होता. राजमहेंद्रीला तो कलेक्टर होता. तेलुगू मुलुखातल्या कलेक्टरला तेलुगू यावी लागे, हिंदुस्थानीही यावी लागे, आणि व्याकरणाच्या पोथ्या घोकून या भाषा तोंडात बसत नाहीत हा अनुभव त्या काळच्या बहुतेक साहेबांना होता. प्रेंडरगास्टने लहान मुले बोलायला कशी शिकतात यावर विचार केला. मूल एकेक शब्द गोळा करून त्यांवर नियम लावत बसत नाही. ते आयतेच तुकडे उचलते, 'मला दे', 'तिकडे जाऊ', आणि मग त्या तुकड्यांत एखादा शब्द बदलून पाहते. 'मला दे' वरून 'मला लाडू दे', त्यावरून 'ताईला लाडू दे'. पेन्शन घेऊन विलायतेला परतल्यावर त्याची दृष्टी गेली. तशा स्थितीत त्याने आपली पद्धत जुळवली आणि 1864 साली तिच्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. थोडीच पण भरलेली, लांब वाक्ये घ्यायची, ती अगदी जिभेवर बसवायची, आणि मग त्यांचे तुकडे सुटे करून, फिरवून, एकमेकांत घालून शेकडो नवी वाक्ये पाडायची, असा तिचा गाभा. आयुष्यभर महसुलाची कागदपत्रे पाहिलेल्या माणसाला दृष्टी गेल्यावर वाक्याची बांधणी अधिक स्पष्ट दिसली, हे मला या सगळ्या इतिहासातले मोठे नवल वाटते.

प्रेंडरगास्टची वाक्ये फार लांब होती, ओढूनताणून केलेली होती. त्याचे पुस्तक गाजले आणि मागेही पडले. पण पन्नासएक वर्षांनी हाच धागा दुसऱ्या एका इंग्रजाने उचलला. हॅरल्ड पामर त्याचे नाव. हा बेल्जममधील व्हर्व्हिए गावी इंग्रजी शिकवून पोट भरत होता. 1914 साली जर्मन सैन्य बेल्जममध्ये घुसले आणि पामरला बायकामुलांसह इंग्लंड गाठावे लागले. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात त्याला व्याख्याने द्यायला मिळाली आणि 1916 साली त्याने बोलीच्या इंग्रजीचे शंभर तक्ते असलेले पुस्तक काढले. हे तक्ते म्हणजेच सब्स्टिट्यूशन टेबल. आपण त्यांना अदलाबदलीचे तक्ते म्हणू.

हा तक्ता असतो कसा? फळ्यावर तीन रकाने आखले आहेत असे समजा. पहिल्यात चार तुकडे: द बॉय, द गर्ल, माय ब्रदर, द टीचर. दुसऱ्यात तीन: इज सिटिंग, इज स्टँडिंग, इज वेटिंग. तिसऱ्यात तीन: अंडर द ट्री, निअर द वेल, इन द स्कूल. एकूण तुकडे किती? दहा. आता प्रत्येक रकान्यातून एकेक उचला आणि जोडा. 'द बॉय इज सिटिंग अंडर द ट्री.' 'माय ब्रदर इज वेटिंग निअर द वेल.' अशी वाक्ये किती होतील? चार गुणिले तीन गुणिले तीन, म्हणजे छत्तीस. दहा तुकड्यांच्या भांडवलावर छत्तीस वाक्ये. आणि पहिल्या रकान्यात आणखी एक नाव घातले, 'माय मदर', की एकदम नऊ वाक्ये वाढतात. वेस्ट यांची फूटपट्टी लावून पाहा. एवढ्या एका तक्त्यानंतर मुलाने शाळा सोडली, तरी छत्तीस वाक्ये त्याची स्वतःची. हवी ती बोलता येतील, कुणी बोलले तर समजतील.

पण तक्ता करणे दिसते तितके सोपे नाही, शिक्षक बंधुभगिनींनी हे करून पाहावे. अट ही की, कुठलाही तुकडा कुठल्याही तुकड्याशी जोडला तरी वाक्य खरेच चालले पाहिजे. वरच्या तक्त्यात 'द डॉग' घालून पाहा. कुत्रा बसेल, उभा राहील, झाडाखाली वाट पाहील, काही बिघडत नाही. पण मधल्या रकान्यात 'इज टीचिंग' घातले की कुत्रा शाळेत शिकवू लागतो. व्याकरण मोडले का? मुळीच नाही. कर्ता आहे, क्रियापद आहे, सगळे जागच्या जागी. तरी वर्ग हसतो. म्हणजे वाक्य बांधायला व्याकरणाहून आणखी काही लागते.

हे आणखी काय लागते, याचा विचार आपल्याकडच्या शास्त्रकारांनी फार पूर्वी, फार बारकाईने केला आहे. न्यायशास्त्राच्या विद्यार्थ्याला अगदी आरंभी जे पुस्तक देतात तो अन्नंभट्टांचा तर्कसंग्रह, सतराव्या शतकातला. त्यात वाक्याचा अर्थ कळण्याची तीन कारणे सांगितली आहेत: आकांक्षा, योग्यता आणि संनिधी. आकांक्षा म्हणजे एका शब्दाला दुसऱ्याची असलेली ओढ. नुसते 'गाय, घोडा, माणूस, हत्ती' म्हटले तर वाक्य होत नाही, कारण कुणालाच कुणाची गरज नाही. योग्यता म्हणजे अर्थाचे जमणे. 'तो विस्तवाने शिंपतो' यात कर्ता, करण, क्रिया सर्व आहे, पण शिंपण्याचे काम पाण्याचे, विस्तवाचे नव्हे. आणि संनिधी म्हणजे शब्द एकमेकांलगत येणे. सकाळी 'गाय' म्हटले आणि दुपारी 'आण' म्हटले, तर गाय कुणी आणणार नाही.

आता 'अ' गट आणि 'ब' गट या तिघांच्या नजरेने पाहा. डावीकडचा तुकडा अर्धाच का वाटतो? कारण त्याला आकांक्षा आहे, तो पुढच्याची वाट पाहतो. उजवीकडचे दोन तुकडे व्याकरणाने बसत असले तरी एकच खरा का? कारण योग्यता. मुलाने रेघ न मारता पूर्ण वाक्य लिहून काढावे आणि मोठ्याने एका दमात म्हणावे, असा चांगल्या शिक्षकाचा आग्रह का? कारण संनिधी. पानाच्या दोन कडांना पडलेले तुकडे पेन्सिलीच्या रेघेने जवळ येत नाहीत. ते जिभेवर जवळ येतात. पामरने अन्नंभट्ट वाचले होते असे मला बिलकुल म्हणायचे नाही. आपल्याकडे आहे तेच तिकडे गेले, असा अभिमान बाळगण्याचेही कारण नाही. वाक्य म्हणजे काय हा प्रश्न कुणीही प्रामाणिकपणे विचारला की याच तीन दारांशी तो येतो, एवढेच.

पामर पुढे 1922 साली जपानला गेला. तिथे इंग्रजीच्या अध्यापनावर संशोधन करणारी संस्था 1923 साली उभी राहिली आणि पामर 1936 पर्यंत तिचे काम पाहत होता. तिथेच त्याला आल्बर्ट सिडनी हॉर्न्बी हा सहकारी मिळाला. हॉर्न्बीचे नाव आपल्या शिक्षकांना वेगळे सांगायला नको. ऑक्सफर्डचा जो शब्दकोश पुष्कळ शाळांच्या कपाटात असतो, त्याचा मूळ कर्ता हाच. तो कोश तयार झाला आणि 1941च्या डिसेंबरात जपान युद्धात उतरला. हॉर्न्बी शत्रुपक्षाचा नागरिक, तेव्हा त्याला स्थानबद्ध केले गेले. तरीही कोश 1942 साली तोक्योतच एका जपानी प्रकाशकाने छापला, आणि युद्ध संपल्यावर 1948 साली ऑक्सफर्डने तो आपल्या नावाने काढला.

या कोशात शब्दाच्या अर्थासोबत एक नवी गोष्ट होती. प्रत्येक क्रियापदापुढे त्याला कुठला साचा चालतो याची खूण दिलेली. ही खूण का लागते? दोन वाक्ये घेऊ. 'आय वॉन्ट हिम टु कम', हे शुद्ध. त्याच्याच चालीवर मूल म्हणते, 'आय सजेस्ट हिम टु कम', आणि हे अशुद्ध. 'टेल मी द मीनिंग' शुद्ध. 'एक्स्प्लेन मी द मीनिंग' अशुद्ध, तिथे 'एक्स्प्लेन द मीनिंग टु मी' म्हणावे लागते. मराठीत 'मला अर्थ सांगा' आणि 'मला अर्थ समजावून सांगा' यांचा साचा एकच, म्हणून आपले मूल दोन्हीकडे एकच तुकडा लावते. यात मुलाची बुद्धी कमी पडली असे मुळीच नाही. उलट त्याने तर्क बरोबरच चालवला. पण इंग्रजीत प्रत्येक क्रियापद स्वतःची खाच घेऊन आलेले असते आणि तीत ठरावीकच तुकडा बसतो. पामर आणि हॉर्न्बी यांनी अशा खाचांची यादी केली. या यादीवर हॉर्न्बीने 1954 साली स्वतंत्र पुस्तकही लिहिले.

इथे थोडा वेळ आपल्या भाषेशी थांबू, कारण मराठी मुलाची खरी अडचण पुस्तकांत क्वचितच नीट सांगितलेली असते. वाक्याचे दोन भाग जोडताना मराठी दोन्ही टोकांना खूण करते. जर–तर. जरी–तरी. जेव्हा–तेव्हा. जिथे–तिथे. जो–तो. जितका–तितका. इंग्रजी बहुधा एकाच टोकाला खूण करते. 'इफ इट रेन्स, वी शॅल सो द जवार.' यात 'इफ' आहे, 'तर' कुठे आहे? नाही. मुलाला ते चुकल्यासारखे वाटते. मग 'जरी तो गरीब आहे तरी प्रामाणिक आहे' याचे ते करते, 'दो ही इज पुअर, बट ही इज ऑनेस्ट'. 'दो' हा जरी, मग तरी म्हणून 'बट' नको का घालायला? मराठीच्या हिशेबाने हवाच. इंग्रजीच्या हिशेबाने मात्र ती एका सांध्याला दोन खिळे मारल्यासारखी चूक.

आणखी पाहा. बोलताना आपण यातली एक खूण गाळतो. कुठली? पहिली. 'पाऊस पडला तर पेरू', 'गरीब असला तरी प्रामाणिक आहे'. शेतात, बाजारात असेच बोलतो, 'जर' आणि 'जरी' घरी ठेवून. दुसरी खूण मात्र राहतेच. इंग्रजीत नेमके उलटे, तिथे 'इफ' आणि 'दो' राहतात आणि दुसऱ्या भागाला काही नसते. म्हणजे मराठी मुलाचे कान ज्या टोकाला खूण ऐकायला सरावलेले, त्या टोकाला इंग्रजी गप्प, आणि जिथे मराठी गप्प बसू शकते तिथे इंग्रजी बोलते. ही गोष्ट मुलांना एकदा मराठी वाक्ये घेऊन समजावली, तर 'इफ' आणि 'दो' यांच्या जोड्या लावायला त्यांना कोडे वाटत नाही. इंग्रजीतही दोन टोकांना खुणा असलेली थोडी वाक्ये आहेत, आणि गंमत अशी की परीक्षकांचे प्रेम त्यांच्यावरच फार. 'नो सूनर' आणि 'दॅन' ही जोडी कित्येक पिढ्यांनी घोकली. व्यवहारात किती जणांनी ती वापरली, कोण जाणे.

आणखी एक सांधा आपल्याला हमखास फसवतो: 'अनटिल'. मराठीत आपण म्हणतो, 'तो येत नाही तोवर थांब'. त्यातला 'नाही' मुलाच्या मनात पक्का. म्हणून 'वेट अनटिल' या तुकड्यापुढे ते 'ही डझ नॉट कम' हा तुकडा लावते. बरोबर तुकडा 'ही कम्स' हा. 'तो येईपर्यंत थांब' हे मराठी वाक्य आधी फळ्यावर लिहिले, तर 'नाही' आपोआप गळतो आणि जोडी जुळते. तेव्हा मराठीला वर्गातून हाकलून इंग्रजी शिकवावे हे मत मला कधीच पटलेले नाही. पुष्कळ वेळा मराठीच चुकीचे मूळ दाखवते आणि मराठीच ते उपटते.

आता स्वातंत्र्यानंतरच्या काळाकडे. इंग्रजीची वर्षे सर्वत्र कमी झाली होती. 1950च्या दशकात मुंबई राज्यातल्या मराठी शाळांत इंग्रजी आठवीपासून होते आणि मॅट्रिकची म्हणजे एस. एस. सी.ची परीक्षा अकरावीला. जे काही शिकवायचे ते चार वर्षांत. अशा वेळी थोड्या भांडवलावर जास्त वाक्ये देणारी युक्ती सर्वांना हवीशी वाटली यात नवल नाही. मद्रास राज्याने साच्यांच्या क्रमाने लावलेला अभ्यासक्रम आधी घेतला. यालाच स्ट्रक्चरल पद्धत म्हणतात. अलाहाबादला 1956 साली आणि हैदराबादला 1958 साली इंग्रजी शिकवणाऱ्यांना शिकवणाऱ्या संस्था निघाल्या. मद्रासमध्ये 1959 पासून शिकलेल्या शिक्षकाने पुढच्या तुकडीला शिकवायचे, अशा साखळीने सुमारे 27 हजार प्राथमिक शिक्षकांपर्यंत पोहोचण्याचा बेत आखला गेला. खेड्यापाड्यांतल्या वर्गांत 'धिस इज अ बुक', 'दॅट इज अ डोअर' असा घोष सुरू झाला. महाराष्ट्र राज्य झाल्यावर इंग्रजी पुन्हा पाचवीपासून आले, आणि 2000 सालापासून तर पहिलीपासून.

या घोषाने काय साधले? उच्चार सुटले, तोंडाची भीती कमी झाली, हे खरे. पण साखळी जसजशी लांबली तसतसा तक्त्यातला जीव कमी होत गेला. पामरचा तक्ता मुलाने आपल्या मनाने तुकडे निवडावेत यासाठी होता. वर्गात मात्र गुरुजी निवडत आणि मुले ओरडत. दरवाजा समोर दिसत असताना 'दॅट इज अ डोअर' हे वीस वेळा सांगायचे कुणाला? योग्यता आहे, आकांक्षा आहे, पण सांगण्याचे कारणच नाही. ही अडचण हेरून प्रा. एन. एस. प्रभू यांनी 1979 ते 1984 या काळात बंगळूर आणि दक्षिणेतल्या आणखी काही ठिकाणच्या शाळांत एक प्रयोग केला. त्यात साच्यांचा घोष नव्हता. मुलांना नकाशा द्यायचा, रेल्वेचे वेळापत्रक द्यायचे आणि प्रश्न सोडवायला सांगायचे. अर्थावर लक्ष लागले असताना व्याकरण नकळत अंगी मुरते, असा त्यांचा सिद्धांत. प्रयोगावर वाद झाले, होणारच. पण तुकडे जोडताना मन अर्थावर असले पाहिजे, हे म्हणणे आता कुणी सहसा नाकारत नाही.

दुसरीकडे हीच युक्ती परीक्षेच्या हातात गेली होती, आणि तो इतिहासही स्वतंत्र आहे. जर्मनीत ब्रेस्लाउ गावच्या शाळांतली मुले लांबच लांब तासांनी थकतात का, असा प्रश्न निघाला, तेव्हा हर्मान एबिंगहाउस या मानसशास्त्रज्ञाने 1897 साली मुलांपुढे शब्द गाळलेले उतारे ठेवले. गाळलेल्या जागा भरा, या प्रश्नाचे हे घराणे. पुढे अमेरिकेत चटकन तपासता येणाऱ्या वस्तुनिष्ठ प्रश्नांची लाट आली, आणि 1958 साली शिकागोचे प्रा. बेंजामिन ब्लूम भारतात येऊन गेल्यावर आपल्याकडेही परीक्षा-सुधारणेचे वारे वाहू लागले. जोड्या लावा हा प्रश्न त्या वाऱ्याबरोबर पक्का रुजला.

परीक्षेतल्या जोड्यांबद्दल थोडा हिशेब सांगतो, शिक्षकांना उपयोगी पडेल. पाच तुकडे डावीकडे, पाच उजवीकडे. त्यांच्या मांडण्या होतात 120. काहीच न येणाऱ्या मुलाने डोळे मिटून रेघा मारल्या, तर पाचही चुकतील अशा मांडण्या फक्त 44. उरलेल्या 76 मध्ये निदान एक जोडी तरी बरोबर येतेच. सरासरी काढली तर आंधळ्या रेघांना बरोबर एक गुण पडतो, आणि मौज म्हणजे जोड्या पाच असोत की पंधरा, ही सरासरी एकच राहते. शिवाय ज्याला चार येतात त्याला पाचवी फुकट. म्हणून उजवीकडे दोन तुकडे जास्त ठेवावेत, पाचाला सात. ते दोन कसेबसे घातलेले नसावेत. व्याकरणाने बसणारे पण अर्थाने न बसणारे असावेत. 'द वेल हॅज बिकम ड्राय' याच्यासमोर 'बिकॉज देअर वॉज नो रेन' हवा आणि 'बिकॉज द रिव्हर इज इन फ्लड' हाही हवा. मग मुलाला थांबून विचार करावा लागतो, आणि नदीला पूर आलेला असताना विहीर कोरडी का, हा प्रश्न त्याच्या मनात येतो. तिथे ते इंग्रजी वाचू लागते.

याच्या उलट, विचार न करता उत्तर सुटते ते छापील अक्षरांमुळे. इंग्रजीत वाक्याचे पहिले अक्षर मोठे, शेवटी पूर्णविराम. देवनागरीत मोठे अक्षर नाही, पूर्णविराम मात्र आहे. इंग्रजीत या दोन खुणांवरून कुठला तुकडा आधी आणि कुठला नंतर हे वाक्य न वाचताच कळते. म्हणून वर्गात सराव घेताना तुकडे कागदाच्या पट्ट्यांवर लिहावेत, सगळे लहान अक्षरांत, विरामचिन्हांशिवाय. जुन्या वहीची मागची कोरी पाने पुरतात. पट्ट्या मुलांच्या हातात द्याव्यात आणि ज्याचा तुकडा ज्याच्याशी जुळतो त्याने त्याच्याशेजारी जाऊन उभे राहावे. 'इफ इट रेन्स' घेतलेला मुलगा 'वी शॅल सो द जवार' घेतलेल्या मुलीच्या डावीकडे उभा राहिला तरी चालते, उजवीकडे गेला तरी वाक्य होते, फक्त स्वल्पविराम जातो. 'बिकॉज देअर वॉज नो रेन' घेतलेल्याला मात्र तीन-चार जण बोलावतात. तो कुणाकडे जाईल यावर वर्गात वाद होतो, आणि हा वाद मराठीत झाला तरी शिक्षकाने तो थांबवू नये. वाद मिटला की दोघांनी मिळून आपले वाक्य इंग्रजीत मोठ्याने म्हणावे, आणि मग पट्ट्यांची अदलाबदल करावी.